बेसिनातली पात

माझ्या डाव्या कानाच्या पाळीवर तांदळाच्या दाण्याएवढी एक खूण आहे. कोणी विचारलं तर लहानपणी सायकलवरून पडलो होतो असं मी सांगतो. ते खोटं आहे. ती खूण मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, सकाळी दहा वाजता, माझ्या काकांच्या खुर्चीत मिळाली. त्या वेळी मी आणखी एक खोटं बोललो होतो, आणि ते बरंच महागात पडलं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. कोपऱ्यावरचं तीन खुर्च्यांचं सलून त्यांचं. सलूनच्या मागे घर, मधे एकच भिंत, आणि घराच्या मागे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि पाण्याची टाकी असलेलं लांबट अंगण. पंचेचाळीस वर्षं काकांचा दिवस या तीन ठिकाणीच गेला. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की काका आधी हात मागे बांधून त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारायचे, घर विकत घ्यायला आलेला माणूस मारतो तशी. मग म्हणायचे, "सरळ बस." वकील असो, हमाल असो, कोणालाही तेच. काम संपलं की मानेवर एक फुंकर आणि खांद्यावर कंगव्याच्या दोन टिचक्या. याचा अर्थ, ऊठ. तोंडाने 'झालं' म्हणायची त्यांना कधी गरज पडली नाही.

आणि त्यांचं एक वाक्य होतं. "कमी काप. राहिलेलं नंतर कापता येतं, कापलेलं चिकटवता येत नाही." त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या ताईला, धंदा शिकवताना हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की ते मलाही पाठ झालं. माझा कात्रीशी संबंध म्हणाल तर कुरिअरच्या गोदामात खोकी फोडण्यापुरता.

ताई सतरा वर्षांची असताना तिने वस्तरा हातात घ्यायचं ठरवलं, तेव्हा काकूने घर डोक्यावर घेतलं होतं. काकांनी वाद घातला नाही. त्यांनी स्वतःच्या गालाला साबण लावला, खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "कर." ताईने दाढी केली. एकही ओरखडा नाही. काकू त्यानंतर त्या विषयावर बोलली नाही, आणि काकूचं न बोलणं ही आमच्या घराण्यात नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

तर दोन वर्षांपूर्वी काकांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहा बशीत सांडायचा, मग बशीतून लेंग्यावर. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, घाबरण्यासारखं काही नाही. हे त्यांनी काकांना सांगितलं. घाबरायचं होतं ते गिऱ्हाइकांनी.

त्या सकाळी दुकानात पाचसहा माणसं होती. कात्री कानाजवळ आली आणि कच्चकन लागली. रक्ताची धार मानेवर आली. काकांचा चेहरा आरशात मला दिसत होता. पांढराफटक पडला होता.  मग काका म्हणाले, "हललास तू."

मी हललो नव्हतो. मी आठ महिन्यांचा असल्यापासून त्या माणसाच्या हाताखाली बसतोय, मला हलायची हिंमत नाही. पण मी म्हणालो, "हो."

काकांनी माझ्या कानाला तुरटीचा खडा लावला, आणि मी मनातल्या मनात दुसरा लावला. पुन्हा या खुर्चीत बसायचं नाही.

आता खरी गंमत सुरू झाली. सलून आधी दुपारी दोन ते चार बंद असायचं, कारण काका जेवून आत आडवे व्हायचे. कानाच्या प्रकरणानंतर ताईने ते दोन तास दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. कोणी कोणाला सांगितलं नाही, पण या कानाचं त्या कानाला झालं आणि सगळ्या गल्लीचे केस दुपारी दोन ते चारमध्येच वाढायला लागले. सकाळी दुकानात माशा मारायची वेळ; दुपारी बाकावर बसायला जागा नाही. सगळे कुजबुजत बोलायचे, खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचे. पावणेचारला ताई केस झाडून पोत्यात भरायची आणि चारला काका बाहेर यायचे तेव्हा फरशी आरशासारखी लख्ख. मीही त्या रांगेत नाक मुठीत धरून बसायचो. केसाने गळा कापणे म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

एकदा मी ताईला म्हणालो, "अगं, सांगून टाक ना त्यांना. उद्या कोणाच्या गळ्याशी वस्तरा असताना हात हलला तर?"

"तू सांग की. कान तुझाच होता."

"मी कसा सांगू?"

"मग मी कशी सांगू?" तिने केसांचं पोतं दाबून बांधलं. "माझ्या हातात वस्तरा त्यांनी दिला. त्यांच्या हातातून मी काढून नाही घेणार. त्यांनी स्वतः ठेवला तर ठेवला. पण लवकर ठेवू देत, एवढंच म्हणते मी रोज."

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कोणी तयार नव्हतं. सकाळच्या वेळी काकांच्या खुर्चीत नेमाने बसणारा एकच माणूस उरला होता, समोरच्या खाणावळीतला आचारी. या गृहस्थाच्या डोक्यावर केस होते तेव्हापासून तो काकांचं गिऱ्हाईक. आता दोन्ही कानांवर एकेक झुपका सोडला तर बाकी सगळं मैदान. तरी दर रविवारी यायचा, आणि काकाही त्या मैदानाभोवती पूर्ण फेरी मारायचे. कानाची भीती वाटत नाही का, असं मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "कान आहेत कशाला? बायको गेली पंचवीस वर्षं विचारतेय."

हाच आचारी एका रविवारी पत्र्याच्या डब्यात गवताचा एक पुंजका घेऊन आला.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"चाइव्हज. ऑम्लेटवर घालतात, सूपवर घालतात, उकडलेल्या बटाट्यावर लोणी आणि हे घातलं तर विचारू नका. बाजारातून येते ती मरगळलेली असते. तुमच्या अंगणात ऊन आहे. लावा. मला रोज मूठभर द्या."

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कांद्याच्या पातीची सडपातळ धाकटी बहीण समजा. गवतासारखी बारीक, आतून पोकळ, वास कांद्याचा पण भांडखोर नाही. खाली कांदा म्हणावा असा धरतच नाही, सगळा जीव वरच्या पात्यात. काकांनी नाव एकदा म्हणून पाहिलं, जमलं नाही, आणि तिला 'बारीक पात' करून टाकलं.

अंगणात डोकं धुवायचं एक जुनं बेसिन पडलं होतं, कडेला चीर गेलेलं. तळाला भोक होतंच, पाणी साचायची भीती नाही. काकांनी त्यात माती भरली, पुंजका सोडवून चार ठिकाणी लावला आणि वर दुकानातल्या फवाऱ्याने पाणी मारलं. मला बागकामाचा मुळातच कंटाळा, त्यामुळे मी दोरीखाली उभा राहून सल्ले देत होतो. काकू म्हणाली, "याचं नेहमीचंच, उंटावरून शेळ्या."

पात धरली. तरारली. वीतभर झाली. आणि मग काकांनी ती चूक केली, जी जगातला दुसरा कोणताही माळी करणार नाही.

त्यांनी तिचे केस कापले.

म्हणजे अक्षरशः. बेसिनाभोवती हात मागे बांधून एक फेरी मारली. बारीक दातांच्या कंगव्याने पात विंचरली. आणि कंगवा आडवा धरून वरचं फक्त बोटाच्या पेराएवढं टोक कात्रीने सरळ रेषेत उडवलं. कमी काप, राहिलेलं नंतर कापता येतं. खाली पडलेले तुकडे वाटीत गोळा करून खाणावळीत पाठवले. तरी समाधान होईना. कापलेल्या टोकांतून पाणी सुटलेलं त्यांना दिसलं. जखम उघडी कशी ठेवायची? मग त्यांनी तुरटी पाण्यात विरघळवून टोकांना लावली आणि वरून दाढीनंतरच्या लोशनचे चार थेंब शिंपडले. दर दोन दिवसांनी हाच कार्यक्रम. टोकं उडवा, तुरटी, लोशन.

आठवड्याने आचारी हातात झारा घेऊनच रस्ता ओलांडून आला. दुकानात मी होतो, ताई होती, सकाळ असल्यामुळे दुसरं कोणी नव्हतं.

"काय टाकलंत पातीवर?"

"काही नाही. का?"

"एक गिऱ्हाईक मला विचारतंय, या ऑम्लेटची दाढी कोणी केली!"

ताई तोंडात पदर कोंबून आत पळाली. काकांनी खुलासा करायचा प्रयत्न केला, पण आचाऱ्याने त्यांची जी बिनपाण्याने केली ती मी पहिल्यांदाच पाहिली. आजवर काका इतरांची करत आले होते. मग सगळे अंगणात गेलो. बेसिनाची दशा बघवत नव्हती. टोकं करपून तपकिरी झाली होती, खालची पात जून आणि वातड, मधेच कुठे पिवळी. पण उंची मात्र अशी एकसारखी की वर पाटी ठेवली असती तर डगमगली नसती.

"अहो, ही टोकं छाटून काय उपयोग?" आचारी म्हणाला. "जून पात तशीच उभी राहते. हिला बुडाशी कापायची. मातीपासून इंचभर वर. मग खालून कोवळी येते."

"बुडाशी? सगळी?"

"सगळी."

"आणि नाही आली तर?"

 आचाऱ्याने पात मुठीत धरली, काकांच्या हातातली कात्री घेतली आणि कचाकच चारही पुंजके इंचावर आणून ठेवले. काकांनी दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी न सांगता कोणाचा गोटा केला नव्हता, आणि इथे त्यांच्या अंगणात, त्यांच्या कात्रीने, चौघांचा झाला होता.

"नालायक आहेस तू," ते आचाऱ्याला म्हणाले. "स्वतःसारखी केलीस तिला."

आचारी गेल्यावर काकांनी दुकानातलं पांढरं कापड आणून बेसिनावर टाकलं. डोकं बिघडलेल्या गिऱ्हाइकाला लोकांपुढे कसं बसवायचं? काकूने सांगितलं, ऊन लागू दे तिला, तेव्हा कुठे कापड निघालं. रविवारी आचारी खुर्चीत बसला तर काकांनी फेरी मारली नाही. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. हसू येत होतं, पण वाईटही वाटलं.

चौथ्या दिवशी गोदामात मला फोन आला. काकांनी फोन करणं हीच नवलाई.

"आली," ते म्हणाले.

"कोण?"

"अरे, खालून आली! कंगव्याच्या तीन दातांएवढी. ये बघायला."

मी गेलो. हिरव्या सुयांसारखी कोवळी पात मातीतून वर येत होती, आणि काका बेसिनाशेजारी स्टूल टाकून कंगव्याने तिची उंची मोजत बसले होते. गल्लीतून जाणाऱ्या येणाऱ्याला बोलावून दाखवत होते. तीन आठवड्यांत पात पहिल्यापेक्षा दाट झाली. काका स्वतः खाणावळीत मूठभर घेऊन गेले आणि आचाऱ्याच्या समोर बसून ऑम्लेट खाल्लं. कसं होतं विचारलं तर म्हणाले, "दाढी नाही लागली." त्या रविवारी फेरी पुन्हा सुरू झाली.

मग तर अंगणाला पूरच आला. काकांनी पुंजके फोडून दुसऱ्या बेसिनात लावले, मग साबणाच्या वाट्यांत, मग जुन्या खुर्चीच्या पाय ठेवायच्या फुटक्या पोकळ पट्टीत माती भरून तिच्यात. जांभळ्या गोंड्यांची फुलं आली, ती काकूने पाण्याच्या पेल्यात ठेवली आणि दोन चिरून बटाट्यावरही टाकली. काका सकाळी दुकानात कमी आणि अंगणात जास्त दिसायला लागले. ताईला वाटलं, आता होईल. आपोआप होईल. पण गिऱ्हाईक दारात दिसलं की काका हात पुसत पुढे यायचेच, आणि पहिल्या खुर्चीवर कापड झटकायचे. गिऱ्हाईक घड्याळाकडे बघून काहीतरी काम आठवल्यासारखं करायचं आणि दुपारी परत यायचं.

त्या शनिवारी काकूने मला पातीची वाटी खाणावळीत पोचवायला बोलावलं होतं. मी अंगणात गेलो तेव्हा काका स्टुलावर बसून पात कापत होते. आता त्यांची पद्धत बसली होती. मातीवर कंगवा आडवा ठेवायचा आणि त्याच्या वरून कात्री चालवायची. मी वाटी धरून उभा राहिलो. एक पुंजका कापून झाला आणि काका थांबले. डावीकडे पात सरळ कापली गेली होती. उजवीकडे मात्र तिरकी, पायरी पडल्यासारखी. त्यांनी दुसरा पुंजका घेतला. श्वास रोखून, सावकाश. तिथेही उजवीकडे तीच पायरी.

"ही हलली का रे?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"पात."

"पात कशी हलेल काका?" मी म्हणालो.

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. काकांनी कात्री मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या डाव्या कानाकडे.

"तूही हलला नव्हतास," ते म्हणाले.

मी वाटीत पाहिलं. वाटीतली पात हाताला गार लागत होती.

"बोल की."

"नव्हतो."

"मग हो कशाला म्हणालास, गाढवा? पाच माणसांच्या देखत तुझ्यावर मी खोटा आळ घेतला."

"तुमचा चेहरा बघवेना मला," मी म्हणालो. एकेचाळीस वर्षांचा घोडा, वाटी धरून रडायच्या बेताला आलेला.

काकांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "दुपारी मला झोप लागते असं वाटतं का तुम्हाला? भिंत केवढी आहे मधे? ताईची कात्री सगळी ऐकू येते. दोन ते चार. मी आपला पडून राहतो, म्हटलं लोकांना हल्ली नवीन पद्धतीचे केस हवे असतात, पोरीच्या हाताला गिऱ्हाईक लागतंय, आपण मधे कशाला कडमडायचं. मला वाटलं फॅशन बदलली." ते हसले. "फॅशन कसली! कान वाचवत होता तुम्ही सगळे."

 मी वाटी टाकीवर ठेवली, त्यांच्यासमोर दुसरं स्टूल ओढून बसलो आणि म्हणालो, "कापा काका. माझे केस कापा. मला चालेल."

मी मनापासून म्हणालो. त्या क्षणी दुसरा कान गेला असता तरी मला चाललं असतं.

काका उठले. हात मागे बांधून माझ्याभोवती एक पूर्ण फेरी मारली. माझी हनुवटी वर केली. "सरळ बस," म्हणाले. मी सरळ बसलो, डोळे गच्च मिटले. कात्री उचलल्याचा आवाज आला. मग ती मिटल्याचा.

"ऊठ," काका म्हणाले. "पात परत येते. कान येत नाही."

त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला घरातून ओढत दुकानात नेलं. सकाळचे साडेदहा झाले होते. ताई रिकाम्या दुकानात आरसा पुसत होती. काकांनी मला पहिल्या खुर्चीत, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या खुर्चीत, बसवलं. पांढरं कापड झटकून माझ्या गळ्याशी बांधलं. गाठ मारायला वेळ लागला, पण कोणी मदत केली नाही. मग त्यांनी ताईच्या हातात कात्री दिली. पातीचा हिरवा रस अजून तिला होता.

"पुसून घे आधी," ते म्हणाले. "नाहीतर याच्या डोक्याला ऑम्लेटचा वास येईल."

ताईने कात्री पुसली. तिचे हात त्या दिवशी काकांपेक्षा जास्त थरथरत होते, हे मी शपथेवर सांगतो, आणि माझा दुसरा कान त्या वेळी खरोखर संकटात होता. तिने कापायला सुरुवात केली. काका बाकावर बसले आणि तिथून हुकूम सोडायला लागले. मागून कमी काप. डावीकडे उचल. अगं, राहिलेलं नंतर कापता येतं. दारातून जाणारा पोस्टमन आत डोकावला, पहिल्या खुर्चीत कात्री चालवणारी ताई आणि बाकावरचे काका बघून त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग टोपी काढून गुपचूप रांगेत बसला.

केस झाले. ताईने कात्री खाली ठेवली. काका उठून माझ्या मागे आले. मानेवर फुंकर मारली आणि खांद्यावर कंगव्याच्या दोन टिचक्या. टिचक्या दोनच्या चार झाल्या, हात तसाच आहे. मी उठलो.

आता काका सकाळभर अंगणात असतात. पात खाणावळीत जाते, आमच्याकडे येते, पोस्टमनच्या घरी जाते. रविवारी आचारी येतो तेव्हा काका दुकानात येऊन फेरी तेवढी मारून जातात. झुपके ताई कापते. आणि दुकान दुपारी दोन ते चार पुन्हा बंद असतं. परवा मी वेळ चुकून गेलो तर दाराला कुलूप, आणि भिंतीपलीकडून काकांच्या घोरण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.